किंग्स्टनच्या आठ-आठच्या दोन पट्ट्या, आणि त्याआधीचे बत्तीस जीबी

बेळगावच्या वडगावात आमचं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, पुण्यस्मरणाची कार्डं, मंडळांचे फ्लेक्स अशी कामं. पत्रिका बहुतेक दोन भाषांत लागतात, एका पानावर मराठी, समोरच्या पानावर कन्नड, त्यामुळं मशीनवर मराठी टायपिंगची श्रीलिपी आणि कन्नडची नुडी दोन्ही दिवसभर चालू असतात. मुख्य मशीनचा प्रोसेसर आय-फाइव्ह ८४००, एच ३१० चा मदरबोर्ड, रॅमला दोनच स्लॉट, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. गेल्या वर्षीच्या मे महिन्यापासून त्यात किंग्स्टनच्या ८ जीबी रॅमच्या दोन साध्या पट्ट्या आहेत, डीडीआर४ २६६६ च्या (डीडीआर४ ही रॅमची पिढी, २६६६ हा वेग). दहा महिने झाले. अभिप्राय त्यांच्याबद्दलचा आहे, पण त्यांच्याआधी तीन महिने याच स्लॉटमध्ये बत्तीस जीबी होते, आणि ते सांगितल्याशिवाय सोळाची किंमत कळायची नाही.

आधी मूळची गोष्ट. मशीन घेतलं तेव्हा त्यात ८ जीबीची एकच पट्टी होती, २४०० ची, चांगल्या कंपनीची. पत्रिकेला ती कधी कमी पडली नाही. सात बाय नऊ इंचाचं पान ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून केलं तरी साधारण २३ एमबी होतं, फोटोशॉपमधल्या एका थराला (लेयरला). दहा थर धरले तरी मशीनला त्याचं काही वाटत नाही. अडचण फ्लेक्सची. वीस बाय दहा फुटांचा फ्लेक्स ७२ डीपीआयला धरला तर रुंदीत १७,२८० ठिपके आणि उंचीत ८,६४०. गुणाकार केला की १४ कोटी ९३ लाखांच्या आसपास ठिपके होतात. छपाईच्या चार रंगांना प्रत्येकी एक बाइट, म्हणजे एकाच थराला सहाशे एमबी. तोच फ्लेक्स गिऱ्हाइकानं जवळून बघायचा म्हणून १०० डीपीआयला मागितला की एक थर साडेअकराशे एमबीच्या घरात जातो. शिवजयंतीच्या फ्लेक्सवर महाराजांचं चित्र, मागं किल्ला, खाली मंडळाच्या पंचवीस-तीस पोरांचे फोटो, वर भगवा. आठ जीबी तिथं संपतात. मग फोटोशॉप हार्डडिस्कवर ओतायला लागतं आणि एक फाइल सेव्ह व्हायला सहा-सात मिनिटं जातात. समोर मंडळाची चार पोरं उभी असतात.

म्हणजे मला जास्त रॅम लागत होती ही गोष्ट खरीच. चुकले ते पुढं.

२०२५ च्या फेब्रुवारीत एका नातेवाइकाच्या लग्नाला कोल्हापूरला गेले होते, तेव्हा तिथल्या एका दुकानात चौकशी केली. नाव लिहीत नाही. मी आठच्या दोन पट्ट्या विचारल्या. दुकानदार म्हणाला, "ताई, सोळाच्या भावात बत्तीस घेऊन जावा की. फोटोशॉप करताय म्हणताय, आठ-आठ घालून काय करणार?" कंपनीच्या आठच्या दोन पट्ट्या ३,३०० ला होत्या. त्यानं दाखवलेल्या सोळाच्या दोन, ३,६०० ला. वर ३२०० चा आकडा छापलेला, काळा पत्रा बसवलेला, खोकं चकचकीत. कंपनीचं नाव मी कधी ऐकलेलं नव्हतं. जुनी आठची पट्टी ४०० रुपयांना एक्स्चेंजमध्ये घेतली. ३,२०० रुपयांत बत्तीस जीबी. परतीच्या बसमध्ये मी खूश होते.

ती जुनी पट्टी दिली ही या सगळ्यातली सगळ्यात मोठी चूक. ते पुढं येईल.

पहिले दोन महिने तक्रारीला जागा नव्हती. फ्लेक्स दोन मिनिटांत सेव्ह होऊ लागले. टास्क मॅनेजरमध्ये बघितलं तर वेग ३२०० न दाखवता २६६६ दाखवत होता, पण त्यात दुकानदाराचा दोष नाही. आय-फाइव्ह ८४०० ला २६६६ च्या पुढं जाता येत नाही, आणि एच ३१० बोर्डावर तो वाढवायची सोयही नाही. बत्तीसशेची पट्टी घाला नाहीतर छत्तीसशेची, ती २६६६ नंच चालणार. हे घेण्याआधी मला माहीत असायला हवं होतं. पट्टीवरचा वेगाचा आकडा हा वरचा आकडा असतो, आणि तिघांत जो हळू, त्याच्या चालीनं बाकीचे चालतात: प्रोसेसर, बोर्ड आणि पट्टी.

मग एप्रिल आला. बेळगावची शिवजयंती वैशाखात होते, चित्ररथाची मिरवणूक रात्रभर चालते, आणि त्याआधीचे पंधरा दिवस आमच्या धंद्यातल्या कुणालाच जेवायला वेळ नसतो. त्यातच लग्नाचे मुहूर्त. आमच्या दुकानावर पत्रा आहे. दुपारी दोन ते पाच आत भट्टी होते. त्या दिवसांत मशीन निळी पडायला लागली, म्हणजे चालता चालता निळी स्क्रीन येऊन अडायची. आधी आठवड्यातून एकदा, मग एक दिवसाआड. मी ते उन्हावर ढकललं, मग विजेच्या चढउतारावर, मग फोटोशॉपवर. एकदा झिप फाइल उघडताना चूक दाखवली, मी गिऱ्हाइकाला परत पाठवायला सांगितलं. परत आलेलीही उघडेना. तीच फाइल मोबाइलवर व्यवस्थित उघडली, तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

पडला तो एका फोटोनं. गल्लीतल्या एक काकू, त्यांच्या मालकांच्या पहिल्या पुण्यस्मरणाचं कार्ड करायचं होतं. फोटो एकच, तोही बसपासवरून मोठा करून घेतलेला, कडेला फाटलेला, बुरशी लागलेली. "ह्यांचा येवढाच फोटो हाय बघ बाळ, नीट कर." मी तो स्कॅन केला आणि संध्याकाळपर्यंत बसून साफ केला. कपाळावरची चीर काढली, कॉलर नव्यानं भरली, टोपीची कड जुळवली. तीन तास गेले असतील. सेव्ह केला, जेपीजी केली, पेनड्राइव्हवर एक कॉपी टाकली आणि घरी गेले. सकाळी उघडला तर डोळ्यांच्या खालचं सगळं एका बाजूला सरकलेलं आणि हिरवट. पेनड्राइव्हवरची कॉपीही तशीच. फोटोशॉपची मूळ पीएसडी फाइल उघडायलाच तयार नव्हती.

कॉपी ठेवली होती म्हणून मी निर्धास्त होते. पण मशीनमध्ये जे काही लिहिलं जातं ते आधी रॅममध्ये बसतं आणि तिथून पुढं जातं. तिथंच बिघडलं तर हार्डडिस्कवर बिघडलेलंच उतरतं आणि पेनड्राइव्हवरही तेच. जेपीजीत एका चौकोनाचा रंग आधीच्या चौकोनाशी तुलना करून लिहिलेला असतो, म्हणून मध्ये एक आकडा चुकला की तिथून खालचं सगळं चित्र घसरतं. फोटोत ते दिसलं तरी. पतसंस्थेच्या अहवालात ठेवीच्या कोष्टकातला एक आकडा बदलला असता तर कुणाला दिसलं असतं? तो विचार आला आणि मी त्या दिवशीची सगळी कामं थांबवली.

मेमटेस्ट८६+ नावाचा एक फुकट प्रोग्राम आहे. पेनड्राइव्हवर घालायचा, मशीन त्यावरून चालू करायची, विंडोज उघडायचीच नाही. तो रॅमच्या प्रत्येक घरात एक नमुना लिहितो, परत वाचतो, जुळतो का बघतो, असं उलटसुलट नमुन्यांनी करत राहतो. चूक सापडली की लाल ओळ येते. सकाळी सात वाजता लावलं. पहिली फेरी स्वच्छ. मला वाटलं, रॅम चांगली आहे, उगाच संशय घेतला. तसंच चालू ठेवून मी समोर बसून हिशेबाची वही लिहीत होते. दुपारी अडीचला पहिली लाल ओळ आली. पावणेतीनपर्यंत चाळीस.

सकाळी का नाही आणि दुपारी का, याचं कारण मी नंतर समजून घेतलं. रॅममधला प्रत्येक बिट म्हणजे एका इवल्याशा घरात साठवलेला विजेचा थेंब. तो गळत असतो. म्हणून दर ६४ मिलिसेकंदांच्या आत प्रत्येक घर वाचून पुन्हा भरलं जातं. चांगल्या चिपमधलं घर तेवढा वेळ सहज तग धरतं. कच्च्या चिपमधलं एखादं घर कसंबसं तग धरतं, आणि उष्णता वाढली की गळती वाढते, मग ते भरायची वेळ यायच्या आत रिकामं होतं. सोळा जीबीच्या एका पट्टीत अशी तेरा हजार सातशे कोटींहून जास्त घरं असतात. त्यातली चाळीस गळकी असली तर माणूस म्हणेल काय बिघडलं. पण त्या चाळीसांवर नेमकं काय येऊन बसेल ते आपल्या हातात नाही.

आमच्या घरी माग आहेत. वडगावात दर दोन घरांआड असायचे, आता कमी झाले, बाबांचे दोन अजून चालतात. त्या संध्याकाळी मी बाबांना हे सांगत होते तर ते म्हणाले, तुटणारं सूत परवडतं, माग थांबतो, गाठ मारता येते. न तुटता कच्चं निघालेलं सूत पातळात जातं, आणि ते कळतं गिऱ्हाइकाच्या घरी, दुसऱ्या धुण्याला. सूत घेताना ते बाचकं वजनावर कधीच घेत नाहीत. एक कोन सोडवून हातावर ओढून बघतात, मग भाव विचारतात. मी त्यांचीच मुलगी, पण रॅम घेताना वजन बघितलं.

एकेक पट्टी वेगळी लावून तपासली, एकाच स्लॉटमध्ये. एक स्वच्छ निघाली, दुसरीत दोष. कोल्हापूरला परत गेले. आम्हा बायकांना कर्नाटकात सरकारी साध्या बसला तिकीट लागत नाही, म्हणून निपाणीपर्यंत फुकट. निपाणीत गाडी बदलायची, कोगनोळीचा नाका ओलांडला की महाराष्ट्र, तिथून तिकीट. जाऊन-येऊन अख्खा दिवस, तोही सीझनचा. दुकानदारानं भांडण न करता पट्टी बदलून दिली, हे त्याच्या बाजूनं सांगते. पैसे परत देणार नाही, एवढंच त्याचं म्हणणं. बदलून दिलेली पट्टी एकटी चालायची, पण आधीच्या पट्टीबरोबर लावली की मशीन सुरूच व्हायची नाही. खोकं तेच, नाव तेच, वरचा पत्रा तोच. वाकून टॉर्च मारून बघितलं तर आतल्या चिप्स वेगळ्या: एकीत आठ, दुसरीत सोळा.

इथं एक गोष्ट समजली ती सगळ्यांच्या कामाची आहे. रॅमच्या चिप्स बनवणाऱ्या कंपन्या जगात मोजक्याच. सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तिघांकडंच बाजाराचा बहुतेक हिस्सा आहे. बाकी नावं असतात ती चिप्स विकत घेऊन पट्टीवर बसवणाऱ्यांची. चाचणीत अव्वल ठरलेल्या चिप्स एका भावानं जातात, त्या खालच्या दुसऱ्या भावानं, आणि ज्याला जसा माल मिळेल तसा तो बसवतो. नावाजलेली कंपनी पट्टी बाहेर पाठवण्याआधी स्वतः तपासते आणि वर्षानुवर्षांची वॉरंटी देते. आपण जे चारशे-पाचशे रुपये जास्त देतो ते त्या तपासणीचे. निनावी पट्टीची तपासणी मी केली, माझ्या गिऱ्हाइकाच्या फोटोवर.

आता मूळ विषय.

कॉलेज रोडच्या बाजूला एक लहान दुकान आहे, दुरुस्तीचं काम जास्त, विक्री कमी. तिथल्या अण्णांनी पहिल्यांदा विचारलं ते मी काय करते आणि टास्क मॅनेजरमध्ये काय दिसतं. मी फोटो काढून नेला होता. वापरात किती हा आकडा सगळे बघतात. त्यांनी त्याच्या शेजारचा कमिटेडचा आकडा बघितला. सगळे प्रोग्राम मिळून मशीनकडं एकूण किती मेमरी मागून बसलेत, ते त्यात कळतं. फ्लेक्स, दोन्ही फॉन्टचे प्रोग्राम, कोरल आणि ब्राउझर असं सगळं उघडं असताना माझा आकडा साडेतेरा जीबी होता. "बत्तीस कशाला घातलाय मग? सोळात भागतंय की." त्यांचा पहिला सल्ला होता, जुनी आठची असेल तर तिच्याबरोबर आणखी एक आठची लावा, दोन्ही २४०० नं चालतील, अर्ध्या पैशात काम होईल. ती मी चारशे रुपयांना देऊन बसले होते. म्हणून दोन घ्याव्या लागल्या.

त्यांच्याकडं रंगीत दिवे लागणाऱ्या, ३२०० सीएल १६ च्या पट्ट्याही होत्या. त्या त्यांनी मला दाखवल्या आणि नकोत म्हणून सांगितलं. सीएल म्हणजे मागितल्यावर पहिला आकडा हाती यायला किती ठोके लागतात ते. ३२०० ला १६ ठोके म्हणजे १० नॅनोसेकंद. २६६६ ला १९ ठोके म्हणजे सव्वाचौदा. फरक आहे, खेळ खेळणाऱ्या पोरांना तो जाणवतही असेल, पण माझ्या बोर्डावर ती ३२०० नं चालणारच नाही, मग त्याचे पैसे कशाला. दर्जा म्हटलं की लोक हा आकडाच डोळ्यासमोर आणतात. माझ्या धंद्यात दर्जा एकच: लिहिलं तेच परत वाचता आलं पाहिजे.

घेतलेल्या पट्ट्यांवर केव्हीआर२६एन१९एस८ असा नंबर आहे, पुढं तिरकी रेघ आणि ८. तो वाचता येतो. २६ म्हणजे २६६६, एन म्हणजे साधी डेस्कटॉपची, १९ म्हणजे सीएल, एस म्हणजे चिप्सचा एकच गट (रँक), त्यापुढचा ८ चिपच्या रचनेचा, आणि शेवटचा ८ जीबीचा. हे मुद्दाम लिहिते, कारण याच आठ जीबीत, याच वेगात एस६ असलेलीही पट्टी येते. तिच्यावर चिप्स कमी आणि रुंद असतात, आतल्या कप्प्यांचे गट निम्मे, त्यामुळं ती किंचित मागं राहते. खराब अजिबात नाही, पण दोन घ्यायच्या तर दोन्ही एकसारख्याच घ्याव्यात. अण्णांकडं एस८ ची एकच होती, दुसरीसाठी मी चार दिवस थांबले. एकीला १,५५०, दोघींना मिळून ३,१०० रुपये, बिलासकट. पत्रा नाही, दिवे नाहीत, हिरवा बोर्ड आणि काळ्या चिप्स. १.२ व्होल्टवर चालणाऱ्या साध्या पट्टीला पत्र्याची गरजही नाही.

लावल्या त्या शनिवारी संध्याकाळी मेमटेस्ट सुरू केलं आणि सोमवारी सकाळी दुकान उघडेपर्यंत तसंच ठेवलं. रविवारची दुपार त्यात आली, मे महिन्याची, बंद दुकानात, पत्र्याखाली. शून्य. त्यानंतर पावसाळ्यात एकदा, गणपतीचे फ्लेक्स संपल्यावर एकदा आणि आता मार्चमध्ये ऊन चढल्यावर एकदा रात्रंदिवस लावून बघितलं. चारही वेळा शून्य. दहा महिन्यांत निळी स्क्रीन एकदाही आलेली नाही. अहवालांच्या दिवसांत, जुलै ते सप्टेंबर, पतसंस्थांच्या वार्षिक सभा असतात आणि चौसष्ट-चौसष्ट पानांच्या फाइली रोज चार वेळा उघड-मिट होतात. एकही फाइल फुटली नाही.

वेगाचं म्हणाल तर वीस बाय दहाचा फ्लेक्स सेव्ह व्हायला आता दोन मिनिटं लागतात. बत्तीस जीबी होते तेव्हाही दोनच लागायची. मी वहीत लिहून ठेवलं होतं म्हणून सांगते. साडेतेरा मागणाऱ्या मशीनला सोळा दिले काय आणि बत्तीस दिले काय, उरलेली खोली रिकामीच. जुन्या एका आठच्या तुलनेत मात्र स्क्रीनवर चित्र सरकवताना, मोठं-लहान करताना फरक कळतो, आणि तो नुसत्या जीबीचा नाही. दोन पट्ट्या दोन वेगळ्या वाटांनी बोलतात, २६६६ ला एका वाटेवरून सेकंदाला २१.३ जीबी, दोन्ही मिळून त्याच्या दुप्पट. ज्यांच्या मशीनला वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही त्यांचं चित्रही याच रॅममधून जातं, म्हणून त्यांनी सोळाची एक घेण्यापेक्षा आठच्या दोन घ्याव्यात असं मी ठामपणे सांगेन. बोर्डाला चार स्लॉट असतील आणि पुढं वाढवायचं असेल तर तेव्हाही जोडीनंच.

उणीव सांगायची तर चाळीस बाय वीसचा फ्लेक्स आला की सोळा जीबीला दम लागतो. ७२ डीपीआयला त्याचा एक थर दोन जीबीच्या वर जातो. असं काम वर्षाला दोन-तीनदा येतं. तेव्हा मी डीपीआय निम्मा करते, रस्त्याच्या पलीकडून बघणाऱ्याला फरक कळत नाही. ते काम रोजचं असतं तर मी बत्तीस घेतले असते, आणि तेही कंपनीचेच.

दुकानात दुसरं एक मशीन आहे, पावत्या आणि अर्ज टाइप करायला, एच ६१ बोर्डाचं, डीडीआर३. त्यात चार जीबी होते आणि ब्राउझर उघडला की ते अडायचं. तिथं मी अण्णांकडूनच जुनी वापरलेली, चांगल्या नावाची चार जीबीची पट्टी घेतली, ४५० रुपयांना, रात्रभर तपासली आणि लावली. इथं जीबीच महत्त्वाचे होते, आणखी कशाचा विचार केला नाही. फक्त डीडीआर३ च्या आठ जीबीच्या अगदी स्वस्त पट्ट्या ऑनलाइन दिसतात त्यांपासून जपा. त्यातल्या बऱ्याच फक्त एएमडीच्या बोर्डांवर चालणाऱ्या असतात. इंटेलच्या बोर्डावर त्या उठतच नाहीत, आणि ते बारीक अक्षरात कुठंतरी खाली लिहिलेलं असतं.

भावाचं आता वेगळंच झालंय. २०२५ च्या उत्तरार्धापासून एआयच्या डेटा सेंटरांना मेमरी लागायला लागली, चिप्स बनवणाऱ्यांनी आपलं उत्पादन तिकडं वळवलं, जुन्या डीडीआर४ ची निर्मिती आवरती घेतली, आणि सगळ्याच रॅमचे भाव चढले. डिसेंबरात मायक्रॉननं आपला क्रुशियल हा किरकोळ विक्रीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. मी १,५५० ला घेतलेली पट्टी गेल्या महिन्यात एका गिऱ्हाइकासाठी विचारली तर दुपटीच्याही पुढं गेली होती. अशा वेळी निनावी स्वस्त पट्टीचा मोह जास्त होतो, ते मी समजू शकते. त्याऐवजी आधी कमिटेडचा आकडा बघा. दहा-अकराच्या पुढं जात नसेल तर बत्तीसचा विचार सोडून द्या. आठची एक पट्टी आधीपासून असेल तर ती कुणालाही देऊ नका, तिच्या जोडीची शोधा. वापरलेली घ्यायला हरकत नाही, नाव बघून आणि तपासून.

काकूंचा फोटो मी जूनमध्ये दुसऱ्यांदा स्कॅन केला आणि नव्यानं साफ केला. पहिल्यापेक्षा चांगला झाला, टोपीची कड या वेळी बरोबर बसली. कार्डाची तारीख उलटून गेली होती, म्हणून त्यांना फ्रेम करून दिली.

त्या निनावी दोन पट्ट्या खणात आहेत. चांगली निघालेली मी विकलेली नाही, दुसऱ्याच्या मशीनमध्ये ती घालायला मन होत नाही. मेमटेस्ट घातलेला पेनड्राइव्ह मात्र दुकानात टेबलावरच असतो. वडगाव, शहापूर, अनगोळ भागातल्या कुणाला आपल्या मशीनला लावून बघायचा असेल तर घेऊन जा. दुपारची वेळ त्यात येईल असं बघा, आणि झाल्यावर परत आणून द्या, एकच आहे.